तारूबाईची नजर

मी एका देवाची बायको पुसली आहे. भिंतीवरून नाहीशी केली असं नाही. तसं केलं असतं तर कोणीतरी आरडाओरडा केला असता आणि मला तेव्हाच थांबावं लागलं असतं. मी तिला तिथंच उभी ठेवली. तिच्या हातात दुसरी वस्तू दिली, तिची नजर थोडी वळवली आणि खाली बोर्डावर तिचं नातं बदललं. अर्ध्या दिवसाचं काम. त्याबद्दल माझा शाल आणि नारळ देऊन सत्कार झाला.

संपादकांनी सांगितलं होतं, “तुमच्या धंद्यातल्या गमती लिहा, दिवाळीत लोकांना हलकं वाचायला आवडतं.” गमती आहेत आणि त्या लिहिणार आहे. पण ही गोष्ट आधी कबूल केल्याशिवाय त्या लिहिण्याचा मला हक्क नाही, असं दोनदा कागद फाडल्यावर लक्षात आलं.

मी रत्नागिरीतला पेंटर. आता पन्नाशी उलटली आहे आणि दुकानांच्या पाट्या फ्लेक्सवाल्यांनी कधीच नेल्या आहेत. शिक्षण चित्रकला शिक्षकाचं झालं होतं, पण शाळेत नोकरी काही लागली नाही. मग पाट्या, होड्यांवरची नावं, नमनाच्या खेळांचे पडदे आणि देवळांच्या भिंती रंगवल्या. देवळाच्या भिंतीवर देवाचं कुटुंब काढण्यात माझा हात बरा होता. या कामाचे काही नेम आहेत, ते बाहेरच्यांना माहीत नसतात. पत्नी देवाच्या डाव्या अंगाला. दोन असल्या तर दोन बाजूंना, उंचीने सारख्या. एक बोट कमी-जास्त झालं तरी गिऱ्हाईक मोजून दाखवतं. डोळे सगळ्यात शेवटी, नारळ फोडून झाल्यावर. आणि मुख्य नेम नजरेचा. देव आणि त्याच्या बायका समोर बघतात, येणाऱ्या माणसाकडे. सेवक देवाकडे बघतात. बुबुळ थोडं सरकलं की बाईची पायरी बदलते. हे वाक्य मी शिकाऊ मुलांना फार ऐटीत सांगायचो.

देवांच्या संसाराबद्दल मुलखामुलखात एकवाक्यता नाही, हे पेंटरला पुराणिकाच्या आधी कळतं, कारण पुराणिकाला एकच गाव सांभाळायचं असतं. आपल्याकडे घरी बसणारा गणपती एकटा येतो. हायवेवरच्या उत्तरेकडच्या ट्रकवाल्याला त्याच्या दोन बायका आणि दोन मुलगे हवे असतात, आणि मागच्या फळीवर जागा उरली तर एक मुलगीही.

हातखंब्याला एका हॉटेलचं काम होतं. मालक मूळचे तमिळ मुलखातले. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. गाडीतून उतरले आणि काऊंटरमागची भिंत दाखवून म्हणाले, “पेंटर, इथे आमचा कार्तिकेय काढायचा. मोर पाहिजे. दोन बायका पाहिजेत.”

“दोन?”

“दोन. एक इंद्राची मुलगी, एक जंगलातल्या शिकाऱ्याची. एक गोरी काढ, एक सावळी. सावळी जास्त चांगली काढ.”

आत भाकऱ्या थापणाऱ्या शेवंताबाई बाहेर आल्या, पिठाच्या हातांनीच. “अगो बाय! ज्याचं तोंड बाईमाणसानं वर्षभर बघायचं नाय, त्यानं दोन-दोन करून ठेवल्यान?”

अण्णा जराही चिडले नाहीत. “बाई, तो तुमच्याकडून रागावून घर सोडून गेला ना? कुठे गेला? आमच्याकडे आला. लग्न तिकडे झालं. तुम्हाला पत्रिका पोचली नाही, एवढंच.”

सगळं हॉटेल हसलं. शेवंताबाईही हसल्या, पण त्यानंतर काऊंटरवरून जाताना पदर डोळ्यांवर ओढून जायच्या. पुढे एकदा मी चहाला थांबलो तेव्हा त्या सावळ्या बायकोच्या गळ्याशी अबोलीची वेणी चिकटवलेली होती. कोणी लावली, हे कोणी कबूल केलं नाही.

दुसरं काम शहरातल्या एका घरात. गणपतीच्या खोलीत गौर काढायची होती. थोरली जाऊ इथल्याच किनाऱ्यावरची, धाकटी कोल्हापूरकडची. थोरली म्हणाली, “आमची गौर म्हणजे गणपतीची आई. लेकाच्या मागोमाग येते.” धाकटी म्हणाली, “आमच्याकडं दोघी असतात, बहिणी-बहिणी. एकटीला कसं काढता?” मग नैवेद्य निघाला. थोरलीच्या घरी गौरीला तिखटाचा, माशाचा नैवेद्य होता. धाकटीने कानांवर हात ठेवले. थोरली म्हणाली, “माहेरवाशीण आल्यावर तिला काय डाळभात वाढू? परत येईल काय ती?” मी दोन बायका काढल्या, वयाचा अंदाज येणार नाही अशा. विचारलं, “खाली नावं घालू?” दोघी एकदम म्हणाल्या, “नको.”

अशा वेळी मी एक वाक्य टाकायचो. “देव ज्या मुलखात जातात तिथला संसार करतात. आपण ब्रश चालवावा, पंचायत करू नये.” लोक मान डोलवायचे. हे वाक्य मी एकाच ठिकाणी विसरलो.

ते गाव संगमेश्वराच्या खालच्या अंगाला, खाडीकाठी आहे. नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांना कळेल, बाकीच्यांना कळून उपयोग नाही. गावदेव शंकराचा अवतार. देवळाचा जीर्णोद्धार चालला होता आणि सभामंडपातलं जुनं चित्र मला नव्याने काढायचं होतं. कोणी काढलं होतं कोण जाणे. पोपडे सुटले होते, तरी तीन माणसं स्पष्ट दिसत होती. मध्ये देव, डावीकडे पार्वती आणि उजवीकडे काष्टा नेसलेली सावळी बाई, हातात वल्हं. ती देवाच्याच उंचीच्या पायरीवर उभी होती आणि समोर बघत होती, सरळ दारातून बाहेर, खाडीकडे.

माझी राहायची-जेवायची सोय खारव्यांच्या वाडीत झाली, काशीताईंकडे. खारवी म्हणजे खाडीत आणि समुद्रात जाळी टाकणारे लोक. काशीताई माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, तोंडाच्या फटकळ, पण ताटात पहिला तुकडा मला वाढायच्या. चित्रातली बाई कोण, हे त्यांनीच सांगितलं.

“तारूबाई ती. आमची लेक. देव पलीकडच्या काठाला आला तवा भरती होती, वारा होता. एक नावाडी होडी काढीना. हिनं काढलीन. मधल्या धारेला आल्यावर देव विचारतो, उतरल्यावर तुला काय देऊ? ही म्हणाली, उतरूच नको.”

“आणि पार्वती?”

“ती आली मागनं. आधी रागावली. मग म्हणाली, हिनं नसता आणला तर हा बुडलाच असता. तवापासून दोघी नांदतात. भांडतात पण. भरतीला आवाज येतो ना, तो त्यांचाच.”

म्हणून गावचा देव खारव्यांचा जावई. शिमग्यात पालखी सगळ्या वाड्यांमधून फिरते, घरोघर थांबते. पण खारवीवाडीत ती एक रात्र वस्तीला राहायची, कारण ती सासुरवाडी. पालखी खांद्यावरून आणणाऱ्यांचे पाय बायका धुवायच्या, जावयाचे धुतात तसे. तारूबाईची ओटी भरायचा मान काशीताईंच्या घराचा, सासूकडून त्यांच्याकडे आलेला. सकाळी पालखी उचलताना बायका देवाला चिडवायच्या, “पहिलीच्या धाकानं लवकर निघालास काय रे?” देवाला असं बोलायची मुभा गावात दुसऱ्या कोणाला नव्हती. आणि ही एक रात्र सोडली तर त्या देवळाशी वाडीचा संबंध उंबऱ्याबाहेरचाच होता.

हे सगळं मला माहीत होतं, त्यांच्याच पडवीत जेवताना मी ते ऐकलं होतं. वल्ह्यावरची बोटं जुन्या चित्रात उडून गेली होती, तेव्हा काशीताईंनी देवळाच्या पायरीवर उभं राहून वल्हं धरून दाखवलं आणि त्यांच्याच हातावरून मी तो हात रेखाटला.

मंदिर कमिटीचे सेक्रेटरी बापूसाहेब मुंबईहून निवृत्त होऊन गावी आले होते. माणूस वाईट नव्हता. देवळासाठी धडपडायचा. बाहेरून लोक यावेत, गावाचं नाव व्हावं, ही त्याची इच्छा. एक दिवस कमिटीच्या चार लोकांना घेऊन ते भिंतीसमोर उभे राहिले.

“सर,” ते मला म्हणाले.

शाळेत नोकरी लागली नाही म्हणून जो शब्द मला कधी मिळाला नव्हता, तो त्यांनी सहज दिला.

“सर, तुमचा यातला अभ्यास आहे. ही दुसरी बाई कोण?”

“तारूबाई. खारव्यांची. देवाची दुसरी...”

“हे कुठल्या पुराणात आहे?”

मी खरं तर म्हणायला हवं होतं, या गावात आहे. मी म्हणालो, “पुराणात नाही.”

“मग? उद्या कोणी विद्वान आला, विचारलं, तर आपण काय सांगायचं?”

त्यांनी यापुढे काही सुचवलं नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे मी बऱ्याच जणांना ‘कमिटीने करायला लावलं’ असं सांगत आलो. सुचवलं मी. म्हणालो, “सेविका म्हणता येईल. चवरी ढाळणारी सेविका शास्त्राला धरून आहे.”

“वा,” बापूसाहेब म्हणाले, “कोणाला दुखवणंही नाही आणि चूकही नाही. सर, हे उत्तम.”

मी वल्ह्यावर रंग फिरवला आणि त्या जागी चवरी काढली. हात तोच राहिला. मग नेम आठवला. सेविका समोर बघत नाही. डोळे अजून रेघेतच होते, मी बुबुळांच्या खुणा देवाकडे सरकवल्या. खाली बोर्डावर लिहिलं : श्री देव, पार्वतीमाता व सेविका.

डोळे उघडायच्या दिवशी, नारळ फोडून मी ते रंगवल्यावर, काशीताई वेणी घेऊन आल्या. बराच वेळ पायरीवरून बघत राहिल्या.

“पेंटरा, ही कुणाकडं बघत्ये?”

“देवाकडे.”

“का? ती तर आमच्याकडं बघायची.”

“तसं शास्त्र आहे, काशीताई.”

“आणि हातात हे काय दिलंयस? माश्या वारायला?”

“चवरी आहे ती. मोठ्या मानाची असते.”

“सासरी येऊन माश्याच वारायच्या होत्या तर भरतीत होडी कशाला घातली असती तिनं?” मग बोर्डाकडे बोट करून म्हणाल्या, “खाली काय लिवलंयस? चष्मा नाय आणला. वाच.”

मी वाचलं, “श्री देव, पार्वतीमाता आणि तारूबाई.”

त्यांचा चेहरा निवळला. “नाव ठेवलंस ना, मग बस. चवरी काय, नवऱ्याला वारा घालत असेल.” वेणी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, “तिच्या पायाशी ठेव. आणि जेवायला ये, कालवं केल्यात.”

मी गेलो. पोटभर जेवलो.

पुढच्या शिमग्याला कमिटीने मला सत्काराला बोलावलं. देवळापुढे पालखी सजली होती, देवाची चांदीची रूपं, म्हणजे मुखवटे, लावली होती. फिरायचा मार्ग ठरत होता. खारवीवाडीचं नाव आलं तेव्हा बापूसाहेब म्हणाले, “तिथे बाकीच्या वाड्यांसारखीच थांबेल. वस्ती नाही.”

काशीताई पुढे आल्या. “सासुरवाडीला वस्ती नाय?”

“सासुरवाडी कशी? बोर्ड वाचा. देव सेविकेच्या घरी मुक्काम करतो का कुठे? हे आमचं म्हणणं नाही. सरांनी अभ्यास करून लिहिलंय.”

या वेळी काशीताईंकडे चष्मा होता. त्यांनी बोर्ड वाचला. मग माझ्याकडे वळल्या. “तू मना काय वाचून दाखवलंस, पेंटरा?”

माझ्या खांद्यावर शाल होती. मी तिची घडी सारखी करत राहिलो. एवढ्या माणसांत एक शब्द बोललो असतो, ‘मी खोटं वाचलं, हिचं खरं आहे’, तर त्या दिवशी तरी पालखी गेली असती. बोर्ड माझाच होता. मी बोललो नाही.

पालखी खारवीवाडीच्या रस्त्यावर नारळ फोडण्यापुरती थांबली आणि पुढे गेली. अंगणात हंडे भरून ठेवले होते. पालखी वळणाआड गेल्यावर बायकांनी पाय धुवायचं ते पाणी माडाच्या आळ्यात ओतलं. कोणी रडलं नाही, कोणी शिव्या दिल्या नाहीत. एक तरुण पोर एवढंच बोलला, “आपण जावई गमावला म्हणायचा.” त्याला कोणीतरी गप्प केलं.

त्यानंतर मी त्या वाटेला गेलो नाही. काम मिळायचं, नाही म्हणायचो. पण देवांचे संसार काही माझी पाठ सोडीनात. हातखंब्याला अण्णांकडे चहा प्यायला बसलो की समोर ती शिकाऱ्याची मुलगी उभी असायची, मोराच्या उजव्या बाजूला, सरळ माझ्याकडे बघत. मीच काढलेली. तिच्यासाठी मी कुठलं पुराण मागितलं नव्हतं. गिऱ्हाईक गाडीतून आलं होतं, हॉटेलचं मालक होतं. पंचायत कसली करायची? आणि खारव्याची मुलगी? तिच्या माहेरचं अन्न खात असताना मी तिला दाखला मागितला, कारण समोरचा मला ‘सर’ म्हणाला. पुराणात दोघींची जागा सारखीच होती की नव्हती, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. मला फक्त एवढंच दिसत होतं की कोणासमोर आपण शहाणे दिसू.

गेल्या शिमग्याच्या आधी रंगाचे डबे पिशवीत भरले आणि गेलो. आधी काशीताईंकडे. त्या जाळं शिवत बसल्या होत्या. थकल्या आहेत, पण हात चालू.

“आता कशाला आलास?”

“माफी मागायला. आणि ते चित्र पुन्हा नीट करायला.”

“माझी माफी? मी कोण? त्याच्या बायकोला मोलकरीण केलंस तू, माझं काय केलंस?” मग सुई थांबवून म्हणाल्या, “माझं एकच केलंस. माझ्याकडं जेवून खोटं वाचलंस. ते असू दे. जावयाला सांग. जिथं लिवलंस तिथं. सगळ्यांदेखत.”

देवळात गेलो तर भिंत राहिली नव्हती. म्हणजे भिंत होती, तिच्यावर छापील टाईल्स बसल्या होत्या. बर्फाचे डोंगर, गोरापान शंकर, पार्वती, दोन मुलगे, नंदी. अशी टाईल कुठल्याही गावात मिळते. तारूबाई त्यात सेविका म्हणूनही नव्हती. बापूसाहेब नम्रपणे म्हणाले, “सर, रंग टिकत नव्हता हो, ओल धरायची.” मी पिशवी पायाशी ठेवली. दुरुस्त करायला माझ्यासाठी काही उरलं नव्हतं. एक शब्द बदलायलाही नाही.

शिमग्याला पालखी निघण्याआधी देवापुढे गाऱ्हाणं घालतात. गावाच्या वतीने एक जण हातात नारळ घेऊन देवाशी मोठ्याने बोलतो आणि प्रत्येक मागण्याला जमलेले ‘होय महाराजा’ म्हणतात. ते संपल्यावर मी गुरवाला विचारलं, मला बोलायचं आहे. तो आधी बापूसाहेबांकडे बघायला लागला, मग काय वाटलं कोण जाणे, नारळ माझ्या हातात देऊन म्हणाला, “बोला. लांबवू नका.” खारवीवाडीच्या बायका पायऱ्यांवर उभ्या होत्या, काशीताई पुढे.

पालखी याही वर्षी वाडीत वस्तीला राहिली नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे शेवट गोड झाला असं कोणाला वाटू नये. मी थांबत होतो त्या प्रत्येक जागी सभामंडप गप्प होता. पायरीवरून एकदा ‘होय महाराजा’ असा बारीक आवाज आला. तो काशीताईंचा होता का, हे बघायला मी मागे वळलो नाही, कारण माझी नजर तेव्हा देवावरून हलवायची नाही असं मी ठरवलं होतं. मी बोललो ते असं :

“देवा महाराजा, मी पेंटर. या भिंतीवर तुझी बायको तारूबाई उभी होती. तिच्या हातातलं वल्हं मी काढून घेतलं. तिची नजर मी तिच्या माहेरावरून वळवली. बोर्डावर तिला सेविका लिहिलं आणि तिच्या माहेरच्या बाईला तोंडावर खोटं वाचून दाखवलं. मला हे कोणी करायला लावलं नाही. मी केलं. मला शहाणं दिसायचं होतं. तारूबाईची मी माफी मागतो. काशीताईंची मागतो. वाडीची मागतो. तुझ्या सासुरवाडीची वाट माझ्यामुळे बंद झाली, ती मला उघडता येत नाही. तुला अजून आठवत असेल, देवा, तर तू जा.”